दार आलं की थांबायचं

सकाळचे दहा वाजले होते आणि गिरगावातल्या एका शाळेच्या फाटकाशी दौलूमामा उभे होते. अंगात लाल कोट, खांद्यांवर सोनेरी झालर, डोक्यावर तुऱ्याची टोपी आणि हातात ट्रंपेटची पेटी. रखवालदार त्यांना आत सोडायला तयार नव्हता. इथे आज लग्न नाही, असं तो त्यांना पुन्हा पुन्हा सांगत होता. मामा तितक्याच शांतपणे उत्तर देत होते की लग्न नसंल, पण कार्य हाय, आणि मला पत्रानं बोलावलंय.

मी धावत गेलो, पाया पडलो, पेटी हातात घ्यायला लागलो. पेटी त्यांनी दिली नाही.

"कुठं उभं ऱ्हायाचं तेवढं दाव, सर्जा," ते म्हणाले. "बाकी माझी तयारी झालीया."

 मामांना मी वाजवायला बोलावलंच नव्हतं. बसायला बोलावलं होतं.

दौलत आवळे हे माझ्या आईचे थोरले भाऊ. मिरजेच्या नवजीवन ब्रास बँडचे मास्तर. ट्रंपेट मी त्यांच्याकडे शिकलो, तेही चालता चालता, नवरदेवाच्या घोड्यापुढे. विसाव्या वर्षी मुंबईत एका विमा कंपनीत कारकून म्हणून लागलो आणि संध्याकाळी कायतान सरांकडे जाऊ लागलो. कायतान दियास, मूळचे मडगावचे, राहणार धोबीतलावला. तीस वर्षं एका मोठ्या हॉटेलात त्यांनी ट्रंपेटवर जॅझ वाजवलं. माझं नाव सर्जेराव आहे हे कळल्यापासून ते मला 'सार्जंट' म्हणायचे. कागदावर लिहिलेलं संगीत वाचायला, लिहायला आणि सोळा वाद्यांत वाटून द्यायला मला त्यांनी शिकवलं. मामांनी वाजवायला शिकवलं आणि सरांनी गप्प बसायला, असं मी तेव्हा मित्रांना सांगत असे. पाच सॅक्सोफोन, चार ट्रंपेट, चार ट्राँबोन, पियानो, डबल बास आणि ड्रम एवढा पसारा असला की गप्प कोणी कधी बसायचं हेच निम्मं काम असतं.

चौदा वर्षं शिकून झाल्यावर मी मोठ्या जॅझ बँडसाठी दोन रचना केल्या. पहिली मामांसाठी, 'मारुतीपासून मांडवापर्यंत'. दुसरी सरांसाठी, 'जेवणं चालू असताना'. सात महिने मी ते कागद लिहीत होतो. प्रत्येक वादकाचा कागद वेगळा, आणि सगळे माझ्याच अक्षरात. त्या रविवारी अकरा वाजता त्या रचना लोकांपुढे पहिल्यांदा वाजायच्या होत्या.

मामांना मी लिहिलं होतं, 'तुम्ही यायचंच, तुमच्याशिवाय हे कार्य होणार नाही.' या वाक्यावर मी फार खूश होतो. पहिल्या रांगेत मधली खुर्ची मामांसाठी ठेवली होती, तिच्यावर 'श्री. दौलत आवळे' असा पुठ्ठा लावला होता. शाल आणि नारळही आणला होता. मामांचं उत्तर एका कार्डावर आलं होतं : 'येतो. तयारी चालू हाय.' प्रवासाची तयारी असेल, असं मी समजलो. शहाणा माणूस असतो तर तेव्हाच समजायला हवं होतं. मिरजेहून मुंबईला यायला मामांना एक पिशवी पुरायची.

मी त्यांना आत शाळेच्या हॉलमध्ये नेलं. मंचावर वादक येऊन बसायला लागले होते. सगळे काळ्या कोटात, काळ्या बो-टायमध्ये. मामांचा लाल कोट त्या सगळ्यांत असा उठून दिसत होता की पियानोवाला चहाचा कप हातात धरून बघतच राहिला. इथे एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढे ओझं राहणार नाही. मला मामांची लाज वाटली. ज्यांच्यावर सात महिने संगीत लिहिलं, ते समोर उभे राहिले तेव्हा कुणी त्यांना हसेल का, हाच विचार माझ्या मनात पहिला आला.

मी आडून आडून सुरुवात केली. मामा, प्रवासानं दमला असाल. मामा, आज तुम्ही आराम करायचा. मामा, ही बघा तुमची खुर्ची, तुमचं नावसुद्धा लिहिलंय.

मामांनी खुर्ची नीट पाहिली. लाल मखमलीची होती. तिच्यावरून त्यांनी हात फिरवला आणि ट्रंपेटची पेटी तिच्यावर ठेवली.

"ब्येस केलंस," ते म्हणाले. "पेटी कुठं ठिवायची याचा मला घोर लागलावता."

मग पेटी उघडून त्यांनी ट्रंपेट बाहेर काढलं. चिंचेनं घासून घासून ते असं लखलखीत केलं होतं की खिडकीतलं ऊन त्यावर पडून माझ्या डोळ्यांत आलं. त्यांच्या वयाला, बासष्टाव्या वर्षी, हे एवढं घासायला किती वेळ लागला असेल? खुर्चीचा विषय मी तिथेच सोडला.

मग मी जे केलं ते भित्र्या माणसाचं काम होतं. मी कायतान सरांकडे गेलो. सर आमच्या बँडचे पहिले ट्रंपेट, म्हणजे सगळ्या रांगेचे कारभारी. आणि त्यांचा नियम साऱ्या मुंबईत प्रसिद्ध होता : ज्याला कागद वाचता येत नाही, तो माझ्या रांगेत बसणार नाही. भल्याभल्यांना त्यांनी परत पाठवलं होतं. नकार सरांच्या तोंडून गेला म्हणजे माझे हात मोकळे, असा माझा हिशेब.

मी सगळं सांगितलं. सर मंचाच्या कडेला बसून चष्मा पुसत होते. त्यांनी एकदा मामांकडे पाहिलं. मामा हॉलच्या दारात जाऊन दार किती रुंद आहे ते बघत होते.

"वाचतात?" सरांनी विचारलं.

"नाही, सर. एक अक्षर नाही."

"मग रांगेत नाय."

माझा जीव भांड्यात पडला. मी वळलोसुद्धा होतो.

"थांब, सार्जंट. रांगेत नाय म्हटलं. पुढे उभे राहतील. मास्तर ना ते? मास्तर पुढेच असतो." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "ते गाणं कुणाचं आहे?"

"त्यांचं, सर. पण मी..."

"मग तू तिथे काय करतो? तुझा ट्रंपेट काढ आणि माझ्या बाजूला येऊन बस."

पुढे उभं राहून बँड चालवायची जागा माझी होती. त्या जागेसाठी मी नवा कोट शिवला होता. पण सरांशी वाद घालायची सवय मला चौदा वर्षांत लागली नव्हती.

सरांनी खुर्चीवरून उठून सगळ्यांना सांगितलं की पहिल्या रचनेत नजर कागदावर ठेवा, पण एक डोळा या मास्तरांवर. ते म्हणतील तसं. मग ते मामांपुढे गेले आणि थोडं वाकून म्हणाले, "मास्तर, तुमची चाल ऐकवा जरा. या पोराने कागदावर उतरवली आहे, ती बरोबर आहे काय बघू."

ही चाल मामांनी स्वतः बांधलेली. आमच्याकडे लग्नाआधी नवरदेव मारुतीच्या दर्शनाला जातो आणि तिथून वाजतगाजत मांडवाकडे येतो. त्या वाटेवर वाजवायला मामांनी ती केली होती. माझी सगळी रचना तिच्यावरच उभी होती. मामांनी ट्रंपेट ओठाला लावलं आणि पहिल्या चार ओळी वाजवल्या, रस्त्यावर वाजवतात तशा, मोकळ्या आणि मोठ्या. हॉलच्या काचा थरथरल्या. ड्रमवाल्यानं न सांगता काठ्या उचलल्या. मग हळूहळू सॅक्सोफोन आले, ट्राँबोन आले, माझ्या कागदावरचे सूर त्यांच्या चालीच्या अवतीभवती येऊन बसले.

मामा मध्येच थांबले. डोळे बारीक करून त्यांनी मला शोधलं.

"सर्जा, ही माझीच की रं."

"तुमचीच, मामा."

"आन ह्यो बाकीचा गोंगाट?"

"तो माझा."

"बरा हाय," मामा म्हणाले. मिरजेत याहून मोठं कौतुक त्यांनी कुणाचं केल्याचं मला आठवत नाही. सर तोंडावर हात ठेवून हसत होते. सरावाला मात्र तेवढाच वेळ मिळाला. प्रेक्षक यायला लागले होते.

आता वरातीतली एक रीत सांगायला हवी. मास्तर बँडच्या पुढे चालतो, पण तोंड अर्धं मागे वळवून. एक डोळा बँडवर आणि एक रस्त्यावर. मांडवाचं दार आलं, दारात हार घेतलेली माणसं दिसली, की मास्तर उजवा हात वर करून मूठ मिटतो. त्या क्षणी सगळं बंद. ओळ अर्धी राहो, सूर अर्धा राहो. आत मुहूर्ताची घाई असते. नवरदेव आत जातो आणि बँडवाले सावली शोधतात. बाराव्या वर्षी मी एकदा मूठ मिटल्यावरही दोन सूर जास्त वाजवले होते. मामांनी आठवडाभर सगळ्या बँडची वाद्यं माझ्याकडून घासून घेतली.

अकराला पाच मिनिटं असताना हॉल भरला. फक्त प्रमुख पाहुणे आले नव्हते. ते एक निवृत्त मोठे अधिकारी होते आणि उशिरा येण्याबद्दल त्यांची ख्याती होती. आयोजकांपैकी दोघं जण हार आणि गुच्छ घेऊन दाराशी उभे राहिले. वाट किती बघणार? सरांनी सुरू करायला सांगितलं.

मामा पुढे आले तेव्हा मागच्या रांगांत थोडं हसू पिकलं. लाल कोट, तुरा, आणि उभं राहण्याची ती तऱ्हा. लोकांकडे ना पाठ, ना तोंड, अर्धे बँडकडे आणि अर्धे दाराकडे. मी मान खाली घातली. मग त्यांनी वाजवायला सुरुवात केली आणि हसू थांबलं. दुसऱ्या मिनिटाला पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाई मांडीवर ताल धरत होत्या. पाचव्या मिनिटाला मी माझी लाज विसरलो होतो. मामा पुढे आणि आम्ही मागे, पुन्हा एकदा मारुतीपासून निघालो होतो, फक्त या वेळी घोडा नव्हता. सर माझ्या शेजारी कागद न बघता वाजवत होते. त्यांना असं मी कधी पाहिलं नव्हतं.

आणि नेमकं तेव्हा हॉलचं दार उघडलं. प्रमुख पाहुणे आले. दोघं जण हार घेऊन पुढे झाले.

मामांनी उजवा हात वर केला आणि मूठ मिटली.

सगळा बँड जागच्या जागी थांबला. ट्राँबोनवाल्यांचा एक लांब सूर अर्ध्यावर तुटला, ड्रमवाल्याच्या काठ्या हवेत राहिल्या. प्रमुख पाहुणे दारात एक पाय आत टाकून उभे. आपलं काही चुकलं का, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. त्यांच्या गळ्यात अर्धा हार पडला होता. लोकांना वाटलं की हे असंच ठरलेलं आहे. काहींनी टाळ्या वाजवल्या.

मामा मात्र अगदी समाधानात होते. त्यांनी ट्रंपेटमधलं पाणी झटकलं, खिशातून फडकं काढून तोंड पुसलं आणि मंचाच्या पायऱ्या उतरून ते खुर्चीवरच्या पेटीकडे निघाले.  सगळ्या रचनेचा निम्मा भाग अजून पुढे होता. शेवटासाठी मी अख्खा एक महिना घातला होता. पण उठून मामांना काय सांगायचं? की तुम्ही चुकलात? पन्नास वर्षं जे करून त्यांनी पोट भरलं, तेच तर त्यांनी केलं होतं.

सर जागेवरून उठले.

"मास्तर," त्यांनी हाक मारली, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी. "कुठे चाललात?"

"दार आलं की," मामा म्हणाले.

"दार त्यांचं आलं. आपलं गाणं राहिलं."

मामा पायऱ्यांशीच थांबले. "आजून हाय?"

"चार पानं आहेत."

मामांनी आधी दाराकडे पाहिलं, मग सरांकडे, मग माझ्याकडे. मी मान हलवली. ते पुन्हा वर आले, टोपी सरळ केली, दाराकडे पाठ फिरवली आणि पूर्ण बँडकडे तोंड करून उभे राहिले. मामांना असं उभं राहिलेलं मी जन्मात पहिल्यांदा पाहत होतो. त्यांनी अर्धी राहिलेली ओळ उचलली आणि आम्ही सगळे कागदावर त्यांना शोधत मागे निघालो. कुठून सुरू करायचं हे कुणीच सांगितलं नाही, पण चार-पाच सुरांत सगळे एका ठिकाणी आले.

शेवटाकडे माझी रचना संथ होत जाते. एकेक वाद्य गप्प होतं, मग ट्राँबोन खाली उतरतात आणि सगळे मिळून एक लांब सूर धरतात. हा भाग मामांना माहीत नव्हता. पण त्यांनी आधी ऐकलं, दोन श्वास थांबले, आणि मग त्या सुरात स्वतःचा सूर असा हलकेच सोडला की मी माझा वाजवायचा विसरलो. तो सूर संपला. कुणी टाळी वाजवेपर्यंत बराच वेळ गेला. त्या शांततेत मामा पुढे वाकून मला विचारू लागले, आणि पहिल्या दोन रांगांना ते ऐकू गेलं असणार.

"ह्ये असं संपतंय व्हय?"

"असं संपतं, मामा."

"मी चाल केली तवा श्येवट केलाच न्हवता," ते म्हणाले. "कधी लागलाच न्हाई."

मग टाळ्या सुरू झाल्या. माझे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला मी ट्रंपेट पुसायला घेतलं. लोक उभे राहिले होते. लाल कोटासाठी उभे राहिले होते. मामांना यातलं काय कळलं कोण जाणे. त्यांनी लोकांना एक सलाम ठोकला, वरातीत यजमानाला ठोकतात तसा, आणि ते खाली उतरले. शाल मी त्यांना पांघरली, नारळ दिला. नारळ त्यांनी कोटाच्या खिशात घालायचा प्रयत्न केला, तो बसेना, मग काखेत धरला.

आता सरांची रचना होती. मी पुढे उभं राहायला निघालो, तर सर मंचावर नव्हतेच. ते खाली पहिल्या रांगेपाशी गेले होते. मामा त्या खुर्चीशेजारी भिंतीला टेकून उभे होते आणि खुर्चीवर पेटी बसली होती. सरांनी ती पेटी दोन्ही हातांनी उचलली आणि खाली जमिनीवर ठेवली.

"बसा, मास्तर. आता माझं गाणं आहे."

"मी हितं बरा हाय," मामा म्हणाले. "उभं ऱ्हायाची सवय हाय."

"माहीत आहे. पण बसा." सरांनी आवाज खाली घेतला. मी मंचाच्या कडेला होतो म्हणून मला ऐकू आलं. "तीस वर्षं मी वाजवलं आणि लोक जेवले. माझं पण कुणी बसून ऐकलेलं नाय."

 मामा कोटाची झालर सावरून बसले. आधी अगदी कडेवर, आणि मग, मखमल धसत नाही याची खात्री झाल्यावर, मागे टेकून. काखेतला नारळ त्यांनी मांडीवर घेतला. पन्नास वर्षं लोकांच्या कार्यात जात होते ते. कार्यात त्यांना मिळालेली ती पहिली खुर्ची होती, आणि हे मला त्यांचा भाचा असून तोवर सुचलेलं नव्हतं.

मी हात उचलला, बँड सुरू झाला. सरांची रचना अगदी हळू सुरू होते. डबल बास, मग पियानो, आणि त्यावर सरांचं एकट्याचं ट्रंपेट, बाजूला कुणी जेवत असावं अशा बेतानं. टाचणी पडली तरी ऐकू आली असती. आणि तेवढ्यात मागे हॉलचं दार करकरलं.

माझी पाठ दाराकडे होती, पण मान जराशी वळवून उभा असल्यानं मामांची खुर्ची मला डोळ्याच्या कडेनं दिसत होती. मामांनी मान वळवली. त्यांचा उजवा हात आपोआप वर गेला आणि मूठ मिटली.  मंचावर सोळा जोड्या डोळ्यांनी ती मूठ पाहिली.

पण ती मूठ आमच्याकडे नव्हती, दाराकडे होती. आत येऊ बघणारा माणूस होता तिथे थांबला. मामांनी तो हात खाली घेतला नाही. सरांचा शेवटचा सूर संपेपर्यंत, पूर्ण अकरा मिनिटं, तो तसाच वर होता, आणि तो माणूस दारात उभा होता.